चंपावती आणि मोठा राघू

डोंगरापलीकडे एक राजा राज्य करायचा बरं का, आणि त्याची एकुलती एक लेक होती चंपावती. तिला हवा होता पोपट. राजा म्हणाला, "रानात पाखरांची आजी राहते. जा, आवडेल तो घेऊन ये."

ही आजी घरट्यातून पडलेली पिल्लं वाढवायची. तिच्याकडे दोन पोपट होते. एक एवढुसा, मुठीत मावेल असा. दुसरा मोठा राघू. खांद्यावर लाल पट्टा, शेपूट हातभर.

आजी म्हणाली, "बाय, धाकटा थोडक्यात खूश असतो. मोठ्याला मात्र माणूस लागतं. रोज जवळ बसून बोलावं लागतं. एकटा पडला की पिसं गळतात त्याची. आणि ऐकलेलं हा विसरत नाही. तुला कोण झेपेल?"

चंपावतीनं नाक मुरडलं. "हा तर मिरचीएवढा! मैत्रिणी हसतील मला. मोठाच दे."

मग राघू राजवाड्यात आला. थोडे दिवस कौतुक झालं. आणि मग?

एकदा चंपावती वेणी घालत होती. राघू म्हणाला, "ये ना." ती म्हणाली, "गप रे, कटकट्या!"

मग एकदा ती सागरगोटे खेळत होती. राघू म्हणाला, "ये ना." ती म्हणाली, "मला वेळ नाही."

मग एकदा तिच्याकडे पाहुण्या आल्या. राघू हळूच म्हणाला, "ये ना." ती म्हणाली, "तुला आणलं तेच चुकलं."

त्यानंतर राघूनं हाक मारली नाही. त्याची पिसं राखेसारखी फिकी झाली, गळू लागली. चंपावतीनं काय केलं? पिंजऱ्यावर शाल टाकली, कुणाला दिसू नये म्हणून.

पुढे दसऱ्याचा दरबार भरला. राजा म्हणाला, "चंपे, तुझा राघू आण. सगळ्यांना ऐकू दे." शाल निघाली. आत बोडकं, थरथरणारं पाखरू. आणि राघू बोलला, हुबेहूब चंपावतीच्या आवाजात.

"गप रे, कटकट्या! मला वेळ नाही. तुला आणलं तेच चुकलं."

हसू नका रे. दरबारात कुणी हसलं नाही. राजानं नुसतं लेकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चंपावतीला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं.

ती पिंजरा घेऊन रानात पळाली. "आजी, हा बदलून दे. मला धाकटाच दे."

आजी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "देते की. पण बाय, धाकट्याला थोडं लागतं, तरी रोज लागतं. आणि हळू बोल. तू नको म्हणालीस, ते हा ऐकतोय."

चंपावतीनं वळून पाहिलं. राघू खरंच ऐकत होता. तिचे कान तापले, डोळे भरून आले. ती म्हणाली, "राहू दे, आजी. याला मीच नेते."

मग ती रोज त्याच्याजवळ बसू लागली. पेरूची फोड द्यायची, बोलत राहायची. राघू पाठ फिरवून बसायचा. मधूनच ती जुनी वाक्यं म्हणायचा, दासींच्या देखत, पाहुण्यांच्या देखत. पण तिनं शाल टाकली नाही. मान खाली घालून म्हणायची, "हो, मीच बोलले होते ते."

असे किती दिवस गेले, कुणास ठाऊक. हळूहळू हिरवी पिसं फुटली. ती वाक्यं कमी झाली. आणि एका सकाळी राघू तिच्या खांद्यावर येऊन बसला. या वेळी तिच्या आवाजात नाही, स्वतःच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला,

"चंपा, जेवलीस का?"

चंपावती रडली आणि हसली. मग दोघं एका ताटात जेवली आणि पुढे पुष्कळ वर्षं सुखानं राहिली.

चला, आता पांघरूण घ्या. डोळे मिटा, बाळांनो.