टाळीवरचा अंतरपाट

पलीकडच्या गावात बारकू नावाचा एक भोळा गडी राहायचा. तिशी उलटली होती. सांगाल ते मन लावून करायचा. फक्त सांगाल तिथं करायचा नाही.

गावातल्या निवृत्ती मिस्त्रींच्या शेवंताचं लग्न ठरलं. व्याही मोठे मानी. चहाला उशीर झाला तरी वऱ्हाड माघारी नेतील, अशी त्यांची ख्याती. त्यांना थक्क करायचं म्हणून मिस्त्रींनी एक पेटी बनवली. पेटीनं टाळी ऐकली की छोटी मोटर फिरायची आणि अंतरपाट वर जायचा. पुन्हा टाळी ऐकली की खाली. टाळी वाजवायचं काम बारकूला दिलं. टाळीला अक्कल लागत नाही, असं मिस्त्रींचं मत होतं.

"भटजी थांबले की एकच टाळी वाजव. तोवर कुणालाही वाजवू देऊ नको."

संध्याकाळी बारकू देवळात गेला. आरती चालली होती. त्यानं एकेकाचे हात धरायला सुरुवात केली. "भटजी कुठं थांबलेत अजून?"

मिस्त्री धावत आले. "गाढवा, चार माणसं जमली की आपणही दणकून टाळ्या वाजवाव्यात!"

बारकूला पटलं. दुसऱ्या दिवशी सोपानच्या दारात चाळीस माणसं जमली होती. सोपानचा म्हातारा गेला होता. बारकूनं दणकून टाळ्या वाजवल्या.

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "बाबा रे, बाई रडताना दिसली की टाळी नाही. हात जोडून गप उभं राहायचं."

"आधी सांगायचं की हो," बारकू म्हणाला.

लग्नाचा दिवस उजाडला. टाळ्या वाजवू नका, असं मंडळींना माईकवरून तीनदा सांगून झालं. मंगलाष्टकं संपली. भटजी थांबले. बारकूनं हात उचलले, आणि त्याला शेवंताची आई दिसली. लेक निघाली म्हणून बिचारी डोळ्यांना पदर लावून रडत होती. बारकूनं हात जोडले.

"वाजव की!" मिस्त्री दबक्या आवाजात ओरडले.

"मावशी रडत्यात."

"मुहूर्त टळतोय," भटजी म्हणाले.

"चेष्टा लावलीय आमची?" व्याही कडाडले. "चला रे, गाड्या काढा!"

ते ऐकून मावशींनी हंबरडाच फोडला. बारकूनं हात आणखी घट्ट जोडले.

मिस्त्रींचा संयम सुटला. त्यांनी बारकूच्या खाडकन थोबाडीत ठेवून दिली. मोटर घुर्र करून फिरली आणि अंतरपाट वर गेला!

मावशी रडता रडता हसल्या. अक्षता उडाल्या. मंडळींना राहवेना, टाळ्यांचा कडकडाट झाला. अंतरपाट खाली आला, वर गेला, पुन्हा खाली आला, आणि हार घालायच्या आत खालीच राहिला.

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. बारकू मात्र आता शहाणा झाला होता. गाल चोळत तो पुढं आला. "थांबा काका, हे कसं वर जातं ते मला कळलं."

पेटीला लागून व्याहीच उभे होते. बारकूनं त्यांच्या दणकून थोबाडीत दिली.

अंतरपाट झटक्यात वर गेला. नवरा हुशार. वडिलांना वाचा फुटायच्या आत त्यानं हार घालून टाकला, शेवंतानंही घातला.

मग व्याह्यांनी हात उगारला.

"पाव्हणं, आता नका मारू," बारकू कळवळून म्हणाला, "परत खाली येईल."