एकलकोंड्यावरच्या लगोऱ्या

“बाबा, तुम्हीच सांगा. माझी चूक होती का?”

हैदरबाबा चहाचं पातेलं वाळूनं घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बाबा, मी काहीतरी विचारतोय.”

“ऐकतोय की.”

पुन्हा वाळूची खरखर...

विचारणारा प्रल्हाद ढमाले. जुन्नरच्या काळ्या कड्यांवर वाढलेला गडी. चार वर्षांपूर्वी तो या वाळवंटातल्या लाल सुळक्यांत आला आणि बाबांचा चेला होऊन राहिला. बाबा मूळचे मिरजेकडचे फकीर. इकडं कसे आले ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. घळीच्या तोंडाशी एक पाझर आहे, त्याच्या शेजारच्या कपारीत ते तीस वर्षं राहत होते. दोन दिवसांच्या चालीत दुसरं घर नाही. माणूस नाही म्हणून बाबा दगडांशी बोलतात, असं लोक म्हणायचे. मला विचाराल तर ते दगडांशीही फारसं बोलत नसत.

“सगळे म्हणतात, माझी चूक नाही,” प्रल्हाद म्हणाला.

“सगळे म्हंजे कोण?”

“पाण्याला येणारे उंटवाले.”

“मग झालं की. मला कशाला इचारतोस?”



आता झालं होतं काय, ते सांगतो. समोरच्या सुळक्याला बाबांनी नाव दिलं होतं एकलकोंडा. त्यावर जायची सोपी वाट कुणाला सापडत नव्हती. ती प्रल्हादनं शोधली. साधीसुधी नव्हे, दोर न लावता जाता येईल अशी. आणि वाटेवर वळणावळणाला दगड रचून खुणा केल्या. त्या मुलखात अशा दगडांच्या ढिगांना काहीतरी नाव आहे, पण बाबा आणि प्रल्हाद त्यांना लगोरी म्हणायचे. प्रल्हादनं एकतीस लगोऱ्या रचल्या. मोठ्या, देखण्या. पोरगा हुशारच होता, पण स्वतःच्या हुशारीवर त्याचा जरा जास्तच जीव होता.

मग त्याचा बालपणीचा मित्र गावाहून आला. सोपान. त्याला वर जायचं होतं. त्या दिवशी प्रल्हादला दुसऱ्या घळीत जायचं होतं, तो म्हणाला, “लगोऱ्या बघत जा. आंधळासुद्धा पोचेल.”

सोपान पोचला. माथ्यावरून त्यानं आरोळीही दिली. प्रल्हादनं ती दुसऱ्या घळीतून ऐकली आणि हसला.

उतरताना सोपान भलत्याच घळीत शिरला. तिसऱ्या दिवशी तो सापडला, तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

उंटावरून त्याला सडकेपर्यंत नेलं, तिथून गाडीनं गावी. प्रल्हाद सडकेवरूनच परत फिरला. मित्राच्या मातीला गेला नाही. याला महिना झाला होता. आणि काल उंटवाल्यानं सोपानच्या आईचा निरोप आणला होता: माझा सोपान कसा गेला, ते प्रल्हादनं येऊन माझ्यासमोर सांगावं.

ज्या घरात लहानपणी ताट वाढून घ्यायला विचारावं लागत नव्हतं, त्या घरात आता पाय कसा ठेवायचा, हेच त्याला कळत नव्हतं. महिनाभर त्याला धड झोप नव्हती. वाट पाहायला कुणी नाही, बोलायला कुणी नाही, आणि जो एक होता तो पातेलं घासत होता.

“काय सांगणार हायस तिला?” बाबांनी विचारलं.

प्रल्हादनं ते पाठच केलं होतं. “सांगणार, काकू, वाट मी स्वतः शोधलेली होती. एकतीस खुणा केल्या होत्या. वाट चुकायचं काही कारणच नव्हतं. सोपाननं घाई केली असेल. शेवटी ज्याचं त्याचं नशीब.”

“हं.”

“बरोबर आहे ना?”

बाबांनी पातेलं पालथं घातलं. गुडघ्यावर हात टेकून उठले.

“चल.”

“कुठं?”

“एकलकोंड्यावर.”

“बाबा, तुमचे गुडघे...”

“गुडघं माझं हायत. चल.”

सकाळची उन्हं अजून घळीच्या तळाला पोचली नव्हती. दोघं निघाले. पुढं प्रल्हाद, मागं बाबा. हा वाळूचा दगड, त्याला ओढून चालत नाही. ओढला की पापुद्रा हातात येतो. बाबा बोटाच्या पेरानं दगड वाजवत होते, पोकळ वाजला की सोडत होते. अरुंद भेगेत पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला लावून ते इंच इंच सरकले. सत्तरी ओलांडलेला माणूस. प्रल्हादनं दोनदा हात पुढं केला. दोन्ही वेळा बाबांनी तो घेतला नाही.

प्रत्येक वळणावर लगोरी होती. एक संपली की दुसरी दिसायची. वाट विचारायची गरजच नव्हती.

“आंधळासुद्धा पोचेल,” बाबा धापा टाकत म्हणाले.

प्रल्हादला ते लागलं.

माथ्यावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चहूकडं लाल सुळके, मधे वाळू, आणि कुठं धूर नाही, झाड नाही, हालचाल नाही. एवढ्या मोठ्या जागेत ते दोघंच. सोपाननं इथूनच हाक दिली होती.

बाबा खाली बसले. बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले.

मग म्हणाले, “दाखव.”

“काय?”

“तुझ्या लगोऱ्या.”

प्रल्हाद कडेला गेला. आलेली वाट त्याला पाठ होती. एकदा हात लावलेला दगड तो विसरत नसे, उतरताना त्याला खुणा कधी लागल्याच नव्हत्या. त्यानं शेवटच्या लगोरीकडं बोट दाखवायला हात उचलला.

हात तसाच राहिला.

लगोरी एका खडकाच्या पायथ्याशी होती. खालून येणाऱ्याच्या अगदी नजरेसमोर. वरून फक्त खडकाची पाठ दिसत होती.

तो चार पावलं उजवीकडं गेला. मग डावीकडं. पोटावर झोपून वाकून बघितलं.

“एकसुद्धा...” तो म्हणाला.

समोर मात्र एक रुंद, सोपी, वाळूची घळ खाली जाताना दिसत होती. कुणालाही वाटावं, हीच वाट. शंभर हातांवर ती सरळ कड्यात तुटत होती, आणि ते वरून दिसत नव्हतं.

“पहिल्या दिवशी काय शिकवलं हुतं तुला?”

प्रल्हाद खडकाच्या पाठीकडं बघत म्हणाला,

“लगोरी चढताना रचायची नाही. उतरताना रचायची.”

“मग?”

“मला वाटलं, काय फरक पडतो. दगड तेच, वाट तीच. आणि... वर पोचल्यावर घाई होती. तुम्हाला सांगायची.”

वारा सुटला होता. बारीक वाळू दोघांच्या तोंडावर येत होती.

प्रल्हाद उठला, धावत खाली उतरला आणि शेवटच्या लगोरीला लाथ घालायला पाय उचलला.

“थांब!”

त्या म्हाताऱ्याचा आवाज एवढा मोठा होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

“तिला कशाला मारतोस? वर येणाऱ्यासाठी ती बरोबरच हाय.”

प्रल्हाद मटकन खाली बसला आणि रडायला लागला. महिनाभरात पहिल्यांदा. चांगला हुंदके देऊन रडला. बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही, शहाणपणाचं काही बोलले नाहीत. बसल्या जागेवरून हळूहळू सरकत त्याच्यापर्यंत आले आणि शेजारी बसले.

“तू मला घेऊन आला हुतास ह्या दाखवायला,” ते म्हणाले. “आठवतंय?”

“हो. तुम्ही ‘वा, बेस’ म्हणालात.”

“खालनं बघितल्या मी. पैल्या चार. गुडघं दुखत हुतं.”

प्रल्हादनं डोळे पुसले आणि त्यांच्याकडं बघितलं. बाबा दूर कुठंतरी बघत होते. त्यांच्या दाढीत वाळू अडकली होती.

“महिना झाला, मलाबी झोप न्हाई लेका.”



मग दोघं उतरायला लागले. चार पावलं उतरायचं, थांबायचं, वर परतायचं, आणि वरून जिथं नजर पडेल तिथं तीन दगड ठेवायचे. बाबा वर उभे राहून मान हलवत. “दिसत न्हाई.” प्रल्हाद दगड हलवे. “आता?” “आता दिसतीया.” घळीच्या तोंडाशी त्यांनी मोठे दगड आडवे टाकून वाट बुजवली. चढायला जेवढा वेळ लागला होता त्याहून जास्त उतरायला लागला. प्रल्हादच्या बोटांची सालं निघाली. लगोऱ्या काही देखण्या झाल्या नाहीत.

पाझराशी आले तेव्हा ऊन कलत होतं. प्रल्हाद पाणी प्यायला, त्यानं तोंड धुतलं आणि पिशवी भरायला घेतली. एक सदरा, एक कांबळं. आणि सोपानचा गमछा. तो त्यानं आजपर्यंत कुणाला दाखवला नव्हता. सडकेपर्यंत दोन दिवस एकट्यानं चालायचं होतं.

पिशवी खांद्याला लावून तो बाबांसमोर उभा राहिला.

“काकूंना सांगतो, चूक माझी होती. खुणा चुकीच्या लावल्या होत्या. मला माफ करा. एवढंच. बाकी एक शब्द बोलत नाही. हे तरी बरोबर आहे ना?”

बाबा पालथं पातेलं उचलून त्यावरची वाळू झटकत होते.

“बाबा?”

“काय सांगायचं ते जाताना रचू नको,” बाबा म्हणाले. “तिच्या उंबऱ्यात तिच्याशेजारी जाऊन बस. आन् बघ, तुझी एक तरी लगोरी तिथनं दिसती का.”