चिताऱ्याची पिवळी रेघ

एका गावात लाकडी खेळणी रंगवणारा एक चितारी होता. त्याच्या घोड्यांचे डोळे इतके जिवंत, की लहान मुलं त्या घोड्यांपुढे गवत टाकायची. डोळ्याभोवतीच्या बारीक पिवळ्या रेघेसाठी तो कुंचल्याचं टोक दर वेळी ओठांत धरून जुळवी. आणि तो पिवळा रंग असे हरताळाचा, म्हणजे विषारी दगड कुटून केलेला.

व्हायचं तेच झालं. एका पावसाळ्यात चिताऱ्याचेच डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना उडाली. बायको त्याला धरून वैद्यकाकींकडे घेऊन गेली.

काकींनी त्याचे रंगलेले ओठ पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अरे, हे विष रोज पोटात जातंय. यकृतानं सोसायचं तरी किती?" त्यांनी बांधावरची भुईआवळी मुळासकट उपटली, ठेचून रस काढला. "हा घेत जा. पण कुंचला पुन्हा तोंडात घालायचा नाही. ओल्या फडक्यावर टोक जुळव."

रसाने गुण आला. चितारी उठून कामाला बसला, फडक्यावर टोक जुळवलं, तर रेघ जाड आली. दुसरी त्याहून जाड. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"भुईआवळी काय, बांधावर पायलीची पन्नास आहे," तो बायकोला म्हणाला. "सकाळी वाटीभर रस घेतला की झालं. मग विष काय करतंय?"

"अहो, पण काकी नाही म्हणाल्यात ना?"

"काकींना कुठे घोड्यांचे डोळे काढायचेत?"

शहाणाच की! सकाळी रस, दिवसभर विष. बायको बिचारी रोज बांध धुंडाळू लागली. बांधावरची भुईआवळी विरळ झाली, तशी काकींनी वाळवून ठेवलेलीही त्याने मागून मागून संपवली.

पुढे थंडी पडली, बांध सुकले. भुईआवळी पावसाबरोबर येते आणि पावसामागून जाते. ऐन जत्रेच्या तोंडावर चिताऱ्याने पुन्हा अंथरूण धरलं. बायको रडतच काकींकडे धावली.

काकींनी रिकामं मडकं दाखवलं. "आजारपणासाठी राखून ठेवली होती गं. त्यानं ती हट्टापायी संपवली."

दोघींनी आसपासची गावं पालथी घातली आणि मिळेल तेवढी वाळकी भुईआवळी आणली. चितारी जगला. हातांना मात्र कंप भरला, तो गेलाच नाही. कुंचला कायमचा सुटला.

जत्रेचे घोडे बायकोने रंगवायला घेतले. ओल्या फडक्यावर टोक फिरवायची, रेघ ओढायची, बिघडली की पुसायची. जत्रेच्या आदल्या दिवशी तिने एक घोडा नवऱ्यापुढे धरला. घोड्याच्या डोळ्याभोवती केसासारखी बारीक रेघ होती.

चिताऱ्याला भडभडून आलं. "तुला कशी जमली गं?"

"मलाही जमत नव्हती," ती म्हणाली. "चार दिवस सराव केला."

तात्पर्य: आधी विष सोडावे, मग औषध घ्यावे.