वखळाचा डोह

या, वर देवळात या. काठावर मी काही सांगायचा नाही. का, ते कळेल शेवटी. मी इथला गुरव, दाजीबा म्हणतात मला, आणि मधे बोललेलं मला खपत नाही.

तो खाली डोह दिसतोय ना? वरून नदी कशी उड्या मारत येते बघा, आणि इथं आली की एकदम गप्प. पडलेलं पानसुद्धा जागचं हलत नाही. ह्याला आम्ही वखळाचा डोह म्हणतो. हसू नका मास्तर, असा शब्द नाही हे मलाही ठाऊक आहे.

फार मागं, असं सांगतात, सिदू भोई इथं होडी चालवायचा. त्याची बायको निंगव्वा कानडी मुलखातली. मराठी ती सासूकडून शिकत होती. अशुभ नाही ते शुभ, अपुरं नाही ते पुरं, एवढं तिनं मनाशी पक्कं धरलेलं. सासू रोज बजावायची, "जपून गं पोरी, नदी फार अवखळ आहे." एका सकाळी पाणी अगदी शांत होतं. निंगव्वा हरखून म्हणाली, "आत्याबाई, आज नदी वखळ आहे!"

पाणवठ्यावरच्या बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. मग काय, गावाला खेळणंच मिळालं. दिसली की, "काय निंगव्वा, वखळ ना?" बिचारीनं तोंडच मिटलं. नवऱ्याशीसुद्धा खुणांनी बोलायची म्हणे.

त्याच पावसाळ्यात सिदू एकटाच होडी आणत होता आणि डोंगराकडून लोंढा आला. वल्हं हातातून गेलं. गावानं नारळ सोडले, ओट्या सोडल्या, सासूनं ऊर बडवून घेतला. नदी कशाला ऐकते? असली गाऱ्हाणी तिनं जन्मभर ऐकलेली. तेव्हा निंगव्वा पाण्यात शिरली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "अव्वा, वखळ हो! वखळ हो गं!"

कानडीत आईला अव्वा म्हणतात. तेवढं नदीला कळलं. पण वखळ? हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं. ती थबकली, म्हणे. अर्थ शोधत उभी राहिली. लाटा खाली बसल्या, फेस विरला, आणि त्या झोपल्यासारख्या पाण्यावरून सिदू हातानंच होडी वल्हवत काठाला लागला. सासूनं सुनेला कवटाळलं आणि रडत म्हणाली, "वखळ झाली गं बाई, वखळ झाली!" मग कोण हसतंय?

नदी अजून विचारच करतेय. म्हणून आजही होडीत पाय ठेवताना आम्ही "वखळ" एवढंच म्हणतो, आणि काठावर त्याचा अर्थ कुणी काढत नाही. तिचं कोडं सुटलं, की ती धावायला मोकळी.

तेव्हा मास्तर, हसायचं ते इथंच हसून घ्या, खाली गेल्यावर तोंड आवरा. ती बघा, पलीकडनं होडी सुटली. माझी लेक आहे तीत, पहिल्या बाळंतपणाला येतेय.