आंघोळीचं पाणी

“पंथ कुठं संपतो आणि धर्म कुठं सुरू होतो, तेवढं सांगा बुवा. बाकी मला काही नको.”

त्र्यंबकराव अजून ओसरीवर टेकलेही नव्हते. चपला काढता काढताच त्यांनी विचारलं.

निवांतबुवा अंगणात उन्हाला पाठ देऊन शेंगा फोडत बसले होते. डोळे बारीक करून त्यांनी वर पाहिलं.

“त्र्यंबका, तू होय! अरे, बस की आधी. किती वर्षांनी आलास!”

“माझ्या प्रश्नाचं काय?”

“प्रश्न कुठं पळून जातोय? बस.”

आता हे त्र्यंबकराव म्हणजे काही साधी असामी नव्हे. ऐन तिशीत ते याच मठात बुवांचे शिष्य होते. मग त्यांना इथलं सगळं मिळमिळीत वाटायला लागलं. कोणीही यावं, कोणीही जावं, आरतीला उशिरा आलेल्याच्या हातातसुद्धा बुवा हसून घंटा देणार. ही काय शिस्त झाली? तेवढ्यात घाटाखालच्या गावात शुभ्रमार्ग नावाचा नवा पंथ निघाला. पांढरे कपडे, पहाटेची सभा, आणि महाराजांचा शब्द म्हणजे शब्द. त्र्यंबकराव तिकडं गेले ते बघता बघता महाराजांचा उजवा हात होऊन बसले. जाताना बुवांना नको नको ते सुनावूनही गेले होते.

आज तेच त्र्यंबकराव काखेतली पिशवी घट्ट धरून ओसरीच्या कडेला बसले.

“लोक आम्हाला टोळी म्हणतात, बुवा. तुमच्या मठाला मात्र धर्म म्हणतात. का? आम्ही लोकांची दारू सोडवली. हुंड्याशिवाय लग्नं लावली. देव तोच, भजनं तीच. तुम्ही जुने, आम्ही नवे, एवढाच ना फरक?”

“तसंही असेल.”

“असेल नको. नक्की सांगा. मला आज कळलंच पाहिजे.”

“आजच?”

त्र्यंबकरावांनी मान दुसरीकडं वळवली.

बुवांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

“तुमच्यातून कोणी सोडून गेलं, तर तुम्ही काय करता रे?”

“आंघोळ.” उत्तर तयारच होतं. “दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे नदीवर जातो आणि गेलेल्याच्या नावानं आंघोळ करतो. पहिला तांब्या जवळच्या नातेवाइकानं घ्यायचा. मग तो माणूस आम्हाला मेला. त्याचं नाव काढायचं नाही, तोंड बघायचं नाही.”

“आमच्याकडंही होतं ते.”

त्र्यंबकराव दचकले. “इथं? या मठात?”

“माझ्या गुरूंच्या गुरूंपर्यंत होतं. मग सोडून जाणारे वाढले. ऊठसूट आंघोळी! थंडीवाऱ्याचं नदीवर जाऊन जाऊन सगळे खोकायला लागले. आज याची कंबर धरली, उद्या त्याला पाहुणे आले... होता होता कधी बंद पडलं, कुणाला कळलंही नाही.” बुवा सूप पाखडत म्हणाले, “त्याला तुम्ही आता धर्म म्हणता.”

एरवी त्र्यंबकराव खो खो हसले असते. आज त्यांना हसू आलं नाही.

बुवा गुडघ्यावर हात टेकत उठले, आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. त्र्यंबकरावांनी तो तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. काठाखाली नाव कोरलेलं होतं. चि. त्र्यंबक. मठात राहायला निघाले तेव्हा आईनं कासाराकडून घालून घेतलेलं. शुभ्रमार्गात बाहेरचं भांडं चालत नाही, म्हणून ते तांब्या इथंच टाकून गेले होते. आणि तो लख्ख होता. आजच घासल्यासारखा.

“हा... अजून आहे?”

“नसायला काय झालं?”

“मी काय काय बोलून गेलो होतो तुम्हाला.”

“बोलला होतास खरा. पुष्कळ दिवस मला अन्न गोड लागलं नाही.” बुवा पुन्हा उन्हात बसले. “पण तांब्यानं कुणाचं काय घोडं मारलं होतं?”

त्र्यंबकराव पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवायला वाकले. काखेतली पिशवी सुटून खाली पडली आणि आत काहीतरी छुमछुमलं.

“काय वाजलं रे?”

त्र्यंबकरावांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“त्र्यंबका...”

“वाळे आहेत, बुवा. चांदीचे. सुगंधाला मुलगी झाली.”

सुगंधा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. तिला बुवांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं.

“अरे वा!” बुवांचा चेहरा फुलला. “आणि तू हे आत्ता सांगतोस?”

“दोन वर्षं मी तिचं नाव तोंडातून काढलेलं नाही.”

मग मात्र बांध फुटला. सुगंधानं भर सभेत विचारलं होतं, महाराज आजारी पडले की मोठ्या दवाखान्यात जातात, मग आपल्यालाच अंगारा का? त्यावर सभेत भजन सुरू झालं. ती उठली आणि चालती झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळा पंथ नदीवर. पहिला तांब्या बापाचा. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. आणि सुगंधा वर पुलावर येऊन उभी राहिली होती.

“मी डोक्यावर पाणी ओतलं, बुवा. आणि ती वरून ओरडली... अण्णा, पाणी फार गार आहे हो! तुमचा दमा उसळेल. ऊन पाणी तरी घ्या!”

बुवांनी सूप बाजूला सारलं.

“मग?”

“मेलेलं माणूस बोलत नसतं ना! मी मान वर केली नाही.” त्र्यंबकरावांनी बाहीनं डोळे पुसले. “चुकलो हो, बुवा. रोज आंघोळीला बसलो की तो आवाज येतो. रोज!”

“आणि बारसं कधी आहे?”

“आज. तिनं निरोप धाडला होता, आजोळचे वाळे तेवढे घेऊन या म्हणून. सकाळी स्टँडवर गेलो. तिच्या गावची गाडी लागलेली होती. तेवढ्यात पंथातला एकजण भेटला. कुठं निघालात, म्हणून त्यानं विचारलं. माझी बोबडीच वळली. म्हटलं, बुवांकडं वाद घालायला... आणि इकडच्या गाडीत चढलो.”

ऊन ओसरीवरून उतरून अंगणाच्या टोकाला गेलं होतं. एव्हाना पाळणा म्हणून झाला असेल, नाव ठेवून झालं असेल, बायका ओट्या घेऊन घरी गेल्या असतील. त्र्यंबकरावांना नातीचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

“तुम्ही टोळी म्हणाला असता, तर मी सुटलो असतो, बुवा.”

“आणि धर्म म्हणालो असतो, तर?”

“...तरी सुटलो असतो.”

बुवांनी पिशवीतून वाळे काढले, तळहातावर घेऊन निरखले.

“लहान घेतलेस. पोरीचे पाय भराभर वाढतात. संध्याकाळची गाडी आहे. नीघ.”

त्र्यंबकराव उठले. वाळे त्यांनी सदऱ्याच्या खिशात, छातीशी ठेवले. तांब्या पिशवीत घालायला गेले, तर बुवांनी तो हातातून काढून घेतला.

“हा इथंच राहू दे. आलास की लागेल.”

त्र्यंबकराव अंगणाच्या कडेपर्यंत गेले आणि थांबले. वळून बघताना त्यांचा चेहरा पोरासारखा रडवेला झाला होता.

“मी तिकडं गेल्याचं आज रात्रीच कळेल त्यांना. उद्या पहाटे नदीवर माझ्या नावानं आंघोळ होईल, बुवा. ज्यांची लग्नं मी लावली, ज्यांच्या पोरांची नावं मी ठेवली, ते सगळे येतील.”

बुवा तांब्याचा काठ धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले...

“येऊ देत. पण थंडी फार पडलीय. जाता जाता निरोप ठेव... पाणी तेवढं ऊन करून घ्या म्हणावं.”