देवीचं ताट

कोण्या एका गावी सगुणाबाईंच्या शुक्रवारच्या व्रताचं उद्यापन होतं. उष्ट्या कागदी पत्रावळींचा ढीग ओढ्यात जायला नको, म्हणून त्यांनी महिला मंडळाची स्टीलची ताटं मांडली. देवस्थानचे अध्यक्ष तात्यासाहेब पाटावर बसता बसता थबकले.

“अहो, गावानं उष्टावलेली ताटं ही! कागदी आणा, नाहीतर मी चाललो.”

पाहुणा उपाशी उठला, तर व्रत अपुरं राहणार. सगुणाबाईंनी हात जोडले.

“तात्यासाहेब, देवीच्या नैवेद्याला तुम्ही चांदीचं ताट दिलंत, वर नावही कोरलंत. गुरव तेच रोज घासून तिच्यापुढे ठेवतात. आजपासून तिलाही कागदी मांडायला सांगू का?”

तात्यासाहेब पाटावर बसले आणि पोटभर जेवले.

पुढच्या शुक्रवारी मंडळात पन्नास नवी ताटं आली. त्यांवर नाव मात्र कुणाचंच नव्हतं.