खोल पाण्यातली धाकटी मासोळी

शाळेत माझ्या लेकीकडे, ऋजुताकडे, कुणाचं लक्षच गेलं नाही तर, या काळजीने मला झोप लागली नव्हती. सकाळी, शाळेच्या पहिल्या दिवशी, तिची वेणी घालता घालता मी गोष्ट सांगायला घेतली.

फार पूर्वी एका थंड, खोल तळ्याकाठी कोळिणीच्या डब्यात मासे फसवून पकडायला केलेल्या शिशाच्या खोट्या मासोळ्या राहायच्या. पोटाला गळ, मागे पिसांची रंगीत शेपटी. त्यातल्या एका आईने कोळिणीच्या मागे लागून लेकीला लालभडक शेपटी लावून घेतली, म्हणजे ती सगळ्यांना दिसेल. शिसं मात्र अगदी कमी, म्हणजे ती फार खाली जाणार नाही. लेक पाण्यात गेली आणि मधेच वाहवत राहिली. कोळिणीला हवे असलेले पर्च नावाचे पिवळे मासे होते तळाशी, आणि तिथल्या अंधारात लाल रंग काळाच दिसतो.

"पुन्हा रिकामी आलीस तर वितळवीन," कोळीण तिला वर ओढून घेत म्हणाली.

"मग मला पांढरी शेपटी लाव आणि शिसं वाढव," लेक म्हणाली.

"अगं, बुडशील ना!" आई ओरडली.

"आई, बुडायलाच तर चाललेय मी."

पांढरी शेपटी आणि जास्तीचं शिसं घेऊन ती पाण्यात उतरली आणि दिसेनाशी झाली. आईला नुसती तिला बांधलेली दोरी दिसत होती. बराच वेळ दोरी हललीच नाही. मग माशाच्या ओढीने एकदम ताणली गेली.

इथे मी घातलेली वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली. धीर नक्की कुणाला देत होते, कोण जाणे.

ऋजुता आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, तू फाटकापर्यंतच ये हं. वर्गात नको."